न शमणारी भूक : एक दुर्मिळ आजार आणि आपले कर्तव्य

स्मरणिकेत धम्म, शिक्षण, नोकरी आणि चळवळ या विषयांवर मान्यवर मंडळी दरवर्षी लिहितातच. आम्ही पडलो बँकेतले कारकून, त्यात कला शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्राशी आमचा संबंध औषधांच्या बिलापुरता. तरीही यंदा एका आजारावर लिहिण्याचे आम्ही ठरविले. कारण हा आजार दवाखान्यात जितका असतो त्याहून अधिक तो स्वयंपाकाच्या ओट्यावर, शेजारच्या घरात, शाळेच्या डब्यात आणि विहारातील भोजनदानाच्या पंगतीत असतो. तेथे डॉक्टर नसतात, आपण असतो.

या आजाराचे नाव प्रेडर-विली सिंड्रोम. १९५६ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे प्रेडर, लाबहार्ट आणि विली या तीन डॉक्टरांनी त्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले, त्यापैकी दोघांची नावे त्याला चिकटली. दहा हजार ते तीस हजार जन्मांमागे एका बालकास तो असतो असे मानतात. मुलगा-मुलगी, जात-धर्म, देश-प्रदेश असा भेद तो करीत नाही. आकडेमोड हा आमचा व्यवसायच असल्याने आम्ही हिशेब करून पाहिला. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत पाच लाखांवर लोक राहत होते. म्हणजे त्या लोकसंख्येमागे कागदावर सोळा-सतरापासून पन्नासपर्यंत व्यक्ती या आजाराच्या निघाव्यात. त्यांतल्या कितीजणांच्या आजाराला नाव मिळाले असेल आणि कितीजण केवळ ‘जाड्या’, ‘हावरट’ या नावाने ओळखले जात असतील, याचा विचार वाचकांनीच करावा.

आजाराचे सर्वांत कठीण लक्षण असे की, या मुलाला पोट भरल्याची जाणीव होत नाही. आपण दोन भाकऱ्या खाल्ल्या की आतून कोणीतरी ‘पुरे’ म्हणते. ते ‘पुरे’ म्हणणारे या मुलाच्या आत कोणी नसते. ताटावरून उठतानाच त्याला पुन्हा भूक लागलेली असते, आणि ती जन्मभर राहते. मग त्याला जगवायचे तर उपाय एकच उरतो, अन्न मोजून देणे आणि बाकीचे त्याच्या हाती लागणार नाही असे ठेवणे.

नेमकी येथेच आपली गाडी अडते. आपल्या समाजाने भूक पाहिली आहे. आजोबा-पणजोबांच्या काळात शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले गेले, १९७२ च्या दुष्काळात आयाबायांनी खडी फोडून पोरे जगविली. ‘पोटभर खा’ हा आपल्याकडे आशीर्वाद आहे. पाहुणा आला की ‘जेवलात का?’ हा पहिला प्रश्न. लहान मुलाच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय आपल्या घरातली म्हातारी त्याला दारातून जाऊ देत नाही. अशा घरात एक आई फडताळाला कुलूप लावते आणि रडणाऱ्या लेकराला दुसरी चपाती देत नाही, तेव्हा लोक तिला काय म्हणतात हे सांगायला नको. म्हणून या आजाराची माहिती डॉक्टरांपेक्षाही शेजाऱ्यांना व आप्तांना असणे गरजेचे आहे, असे आमचे मत आहे.

आता हा आजार सुरू कसा होतो ते पाहू. गंमत म्हणावी की क्रूरपणा, पण त्याची सुरुवात अगदी उलट होते. जन्मतः हे बाळ खात-पीतच नाही. अंग कापडाच्या बाहुलीसारखे ढिले असते, रडणे क्षीण असते, छातीशी धरले तरी ओढून दूध पिण्याची ताकद नसते. अनेकांना काही आठवडे नाकातून नळी घालून दूध द्यावे लागते, पुढे वाटी-चमच्याने. मुलगा असेल तर वृषण खाली उतरलेले नसतात. मान धरणे, बसणे, चालणे, बोलणे सारेच उशिरा. या काळात घरातल्या बायका आईलाच बोल लावतात, तिला दूधच नाही, ती नीट पाजतच नाही. अंग ढिले आणि चोखता येत नाही ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर बालरोगतज्ज्ञांना ‘तपासणी करावी का?’ असे विचारणे एवढे जरी घरच्यांनी केले तरी पुढची अनेक वर्षे वाचतात.

मग साधारण दोन वर्षांच्या सुमारास बाळ अंग धरू लागते. घरात आनंदीआनंद होतो. ज्या लेकराच्या तोंडात थेंब-थेंब दूध घालावे लागले ते आता गुटगुटीत दिसते. आजी दृष्ट काढते, मामा बिस्किटांचे पुडे आणतो. खरे पाहता धोक्याची घंटा या आनंदातच वाजत असते. आधी खाणे फारसे न वाढताही वजन वाढते, मग खाण्याची ओढ वाढते, आणि बहुधा आठव्या वर्षाच्या आसपास ती न शमणारी भूक पूर्ण रूपात उभी राहते. मूल कच्चे पीठ खाते, फ्रीजमधले गोठलेले खाते, केराच्या बादलीतले उचलते. खाण्यासाठी खोटे बोलते, घरातले पैसे घेते, रात्री सगळे झोपल्यावर उठते. वाढ खुंटल्याने उंची कमी राहते, हात-पाय लहान असतात. स्नायू कमी व हालचाल कमी असल्याने त्याच्या शरीराला लागणारे अन्न मात्र त्याच वयाच्या इतर मुलांच्या सुमारे दोन तृतीयांशच असते. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त भूक, त्यालाच सर्वांत कमी अन्न चालते. निसर्गाचा हा हिशेब आम्हाला आजतागायत पटलेला नाही.

याचे कारण काय? विद्यार्थ्यांना गुणसूत्रे ठाऊक असतील. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एक आईकडून तर एक वडिलांकडून येते. हा आजार पंधराव्या जोडीशी संबंधित आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर पंधराव्या गुणसूत्रावर असा एक छोटा भाग आहे की, ते खाते दोघांच्या नावाचे असते, पण व्यवहार फक्त वडिलांच्या सहीने होतो. आईकडून आलेल्या प्रतीवरील तेथील काही जनुके निसर्गाने मुळातच गप्प ठेवलेली असतात. वडिलांकडून आलेली प्रत काम करते म्हणून सर्वांचे सुरळीत चालते. आता वडिलांच्या प्रतीचा तेवढाच तुकडा गळून पडला तर? सही करणारे कोणीच उरत नाही. दहापैकी सहा-सात रुग्णांमध्ये असेच झालेले असते. उरलेल्यांपैकी बहुतेकांमध्ये पंधराव्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रे आईकडूनच आलेली असतात, वडिलांचे येतच नाही. अगदी थोड्यांमध्ये वडिलांची प्रत जागेवर असते, पण तिच्यावरही ‘गप्प’ असा चुकीचा शिक्का पडलेला असतो. तुकडा गळाल्याचा शोध १९८१ साली लागला, दोन्ही आईकडून आल्याचा १९८९ साली. याच भागात आईकडून आलेला तुकडा हरवला तर अँजेलमन सिंड्रोम हा निराळाच आजार होतो. एकाच जागेवर आईची व वडिलांची प्रत वेगवेगळे काम करते, हे विज्ञानाला ज्या आजारांनी शिकविले त्यांत या दोघांचे स्थान मोठे आहे.

यातून घ्यायची गोष्ट अशी की, बहुतेक घरांत हा निव्वळ योगायोग असतो. गर्भारपणी आईने काय खाल्ले, ग्रहण पाळले की नाही, कोणाची नजर लागली, यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असणाऱ्या घरांतही ग्रहणाची कुजबुज होते, हे आम्ही ऐकले आहे म्हणून मुद्दाम लिहीत आहोत. मामाची मुलगी केली म्हणून असे झाले, हेही खरे नाही. नात्यातल्या लग्नामुळे वाढणारे आजार आहेत, पण हा त्यातला नव्हे. वडिलांची सही नाही म्हणून वडील दोषी, असेही कोणी समजू नये. तुकडा गळणे वा दोन्ही आईकडून येणे या प्रकारांत पुढच्या अपत्याला आजार होण्याची शक्यता साधारण शंभरात एकाहूनही कमी असते. चुकीच्या शिक्क्याच्या काही थोड्या प्रकारांत मात्र ती निम्म्यापर्यंत जाऊ शकते, म्हणून दुसऱ्या मुलाचा विचार करण्यापूर्वी जनुकीय सल्ला घेणे शहाणपणाचे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. भूक, तहान, झोप, वाढ, वयात येणे अशा अनेक गोष्टींचे नियंत्रण तेथून होते. या मुलांमध्ये ते नियंत्रणच बिघडलेले असते. भूक चाळविणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक त्यांच्या रक्तात फार वाढलेले आढळते. तेव्हा ‘मनावर ताबा ठेव’ असे या मुलाला सांगणे म्हणजे आंधळ्याला ‘नीट बघ’ म्हणण्यासारखे आहे. अन्न उचलणाऱ्या या मुलाला चोर म्हणू नये. त्याला मारून, कोंडून, लाजवून काही साधत नाही. रागाचे झटके मात्र वाढतात, आणि हाताला चाळा नसेल तर ही मुले आपलीच कातडी खाजवून, ओरबाडून जखमा करून घेतात.

लाजविण्याचा इतिहास जुना आहे. स्पेनमध्ये १६८० साली युजेनिया नावाच्या सहा वर्षांच्या एका मुलीला तिच्या अवाढव्य वजनामुळे दुसऱ्या चार्ल्स राजाच्या दरबारात नवल म्हणून आणले गेले. कारेन्यो दे मिरांदा या दरबारी चित्रकाराने तिची दोन चित्रे काढली, एक कपड्यांत व एक विवस्त्र. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात ती आजही आहेत. चित्राला मिळालेले नाव ‘राक्षसीण’ अशा अर्थाचे आहे. त्या मुलीला हाच आजार असावा असे आज अनेक डॉक्टर मानतात. आम्ही त्या चित्राची छापील प्रत पाहिली. लाल भरजरी झगा, दोन्ही हातांत फळे, आणि चेहऱ्यावर विलक्षण वैताग. सारा दरबार तिच्याकडे पाहत असणार. तिच्या जेवणाकडे कोण पाहत होते?

या संदर्भात संयुत्त निकायातील पसेनदी राजाची कथा आठवते. कोसल देशाचा हा राजा द्रोणभर भात खात असे. एकदा असाच भरपेट जेवून धापा टाकीत तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजामागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता, त्याला राजाने ती पाठ करायला लावली व रोज जेवणाच्या वेळी आपल्यासमोर म्हणण्याचे काम दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. ही कथा आपल्या मुलांना लागू करताना सावध राहिले पाहिजे. राजाला सवय होती, आजार नव्हता. ‘पुरे’ म्हणणारा आवाज त्याच्या आत शिल्लक होता म्हणूनच उपदेश कामी आला. गाथा म्हणून प्रेडर-विलीची भूक शमणार नाही. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. राजानेही एकट्याच्या बळावर हे केले नाही, रोजच्या जेवणाशी एक माणूस उभा राहिला.

आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे, नाव-पत्ता सांगणार नाही. अकरा वर्षांची मुलगी. आजाराचे नाव कळायला सात वर्षे गेली. त्यापूर्वी एका दवाखान्यात ‘तुम्हीच लाडावून ठेवली आहे, शिस्त लावा’ एवढाच सल्ला मिळाला होता. नाव कळल्यावर आईने स्वयंपाकघराच्या दाराला कडी-कुलूप बसवून घेतले आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. वजन तरीही वाढतच राहिले. शोध घेता असे आढळले की, मुलगी चाळीत चार घरी जाऊन ‘आईने जेवायला दिले नाही’ असे सांगत होती, आणि चारही घरी तिला मायेने वाढले जात होते. शेजारच्या आजी तर खिडकीतून भाकरी देत. आईने विचारले तेव्हा आजी कडाडल्या, “पोरी, आम्ही भूक काढली म्हणून तुम्हाला भाकर दिसली, आणि तू लेकराच्या तोंडाला कुलूप लावतेस व्हय?”

त्या माउलीने काय उत्तर द्यावे? मुलीच्या वडिलांनी एका रविवारी चाळीतल्या सर्वांना आपल्या दारात बसविले, डॉक्टरांचे कागद दाखविले आणि आजाराची सारी हकीकत सांगितली. काहीजण उठून गेले. आजी शेवटपर्यंत बसल्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खिडकीतली भाकरी बंद झाली. आता संध्याकाळी पाच ते सहा ही आईच्या स्वयंपाकाची वेळ, आणि तेवढा तास मुलगी आजींच्या घरी चित्रांचे तुकडे जुळवीत बसते. आजींनी त्या वेळेपुरता आपल्याही फडताळाला पडदा लावून वर साखळी घातली आहे. कुलूप एका घराला लावून भागत नाही, ते चार घरांनी मिळून लावावे लागते. या आजारात शेजारधर्म म्हणतात तो हाच.

जाणकारांचे म्हणणे असे की, या मुलांना तीन गोष्टींची खात्री लागते. जेवण कधी व काय मिळणार याबद्दल शंका नसावी, अधिक मिळेल अशी आशा लावू नये, आणि जे कबूल केले ते कमी पडून निराशा होऊ नये. घड्याळ पाहून जेवण, ताट आधीच वाढलेले, भांडे समोर ठेवायचे नाही, पालेभाजी-कोबी-काकडी भरपूर आणि भात-पोळी-तेल-साखर मोजून. वेळापत्रक भिंतीवर चिकटविलेले असेल तर उत्तमच. ‘बघू’, ‘नंतर देईन’, ‘शहाण्यासारखे वागलास तर लाडू’ ही आपली नेहमीची वाक्ये येथे घातक ठरतात, कारण मूल मग त्या लाडवाशिवाय दुसऱ्या कशाचा विचारच करू शकत नाही. खाऊ हे बक्षीस नको आणि उपाशी ठेवणे ही शिक्षाही नको. अन्न कुलुपात आहे आणि वेळेवर मिळणारच आहे हे पक्के कळले की, अनेक मुले उलट शांत होतात, असा पालकांचा अनुभव आहे. कुलूप ही शिक्षा नसून विसावा आहे, हे वाचायला विचित्र वाटेल, पण तसे आहे.

मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी थोडे. बुद्धपौर्णिमेची खीर, १४ एप्रिलचे सरबत व अल्पोपाहार, नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन, प्रत्येक ठिकाणी जेवण आहेच. असे मूल असलेले कुटुंब मग कार्यक्रमांनाच येईनासे होते, आणि लोक म्हणतात की ते माणूसघाणे झाले. त्याऐवजी आधी फोन करून त्यांना विचारावे, मुलासाठी काय व किती. पंगत केव्हा बसणार ते ठरलेल्या वेळेला चिकटून राहावे (आपल्या कार्यक्रमांच्या बाबतीत ही अपेक्षा जरा जास्त आहे, याची आम्हाला कल्पना आहे). उरलेल्या अन्नाची पातेली उघड्यावर ठेवू नयेत. एका स्वयंसेवकाने त्या मुलासोबत राहावे, त्याला सतरंज्या घालण्याचे, पुस्तके लावण्याचे काम द्यावे. जयंतीला हारफुलांऐवजी एक वही, एक पेन आणण्याची चांगली पद्धत आपल्याकडे रुळत आहे. या मुलाच्या हातावरही पेढ्याऐवजी वही-पेन ठेवावे. उपोसथाला अष्टशील पाळणारे उपासक दुपारनंतर जेवत नाहीत आणि त्यासाठी आपण कोणाला निर्दयी म्हणत नाही, उलट हात जोडतो. हेही तसेच समजावे.

काही धोके प्रत्येकाने लक्षात ठेवावेत. ही मुले घाईघाईने खातात, त्यामुळे घास अडकून गुदमरण्याची भीती असते. त्यांना वेदना कमी जाणवतात व उलटी सहसा होत नाही. म्हणून अशा मुलाने भरपूर खाल्ल्यावर पोट फुगले, ते उलटी करू लागले किंवा भूकच नाही म्हणाले, तर घरगुती औषधात वेळ न घालविता तत्काळ इस्पितळात न्यावे. जठर ताणून फुटण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. हाड मोडले तरी मूल चालत राहते. ताप न येताही आजार वाढलेला असू शकतो. दिवसा पेंग येते, रात्री झोपेत श्वास अडकतो, पाठीच्या कण्याला बाक येतो. वजन वाढल्यास मधुमेह व श्वसनाचे विकार लवकर गाठतात, आणि अकाली मृत्यूची कारणे बहुधा याच वाटेने येतात. वजन आवरलेले मूल मात्र मोठे होते, प्रौढ होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा असेल तर डबा त्याच्यासमोर मिरवू नका आणि त्याची गंमत पाहायची म्हणून त्याला खाऊ देऊ नका. बुद्धी बेताची असली तरी ही मुले बहुधा बोलकी व मायाळू असतात, लहान मुलांवर व जनावरांवर जीव लावतात. चित्राचे तुकडे जुळविण्यात त्यांतले कितीतरी आपल्याला मागे टाकतात. ठरलेला क्रम मोडला की ती बिथरतात, तेव्हा तास बदलणार असेल तर आधी सांगा. शिक्षकांनी डब्यांच्या पिशव्या एका कपाटात ठेवाव्यात, वाढदिवसाला चॉकलेटऐवजी पेन्सिली वाटाव्यात. खिचडी शिजते त्या खोलीकडे या मुलाला निरोप घेऊन पाठवू नये.

तपासणीबद्दल सांगायचे तर रक्तातील डी.एन.ए.ची मिथिलेशन नावाची चाचणी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक रुग्णांत निदान करते. पनवेलकरांनी प्रथम आपल्या बालरोगतज्ज्ञांना, उपजिल्हा रुग्णालयात किंवा कामोठ्याच्या एम.जी.एम. रुग्णालयात दाखवावे. अंगणवाडी व शाळांतील मुलांना तपासणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून आहेत, त्यांच्याकडूनही पुढे पाठविता येते. परळचे बाई जेरबाई वाडिया हे मुलांचे रुग्णालय आणि के.ई.एम. रुग्णालय हार्बर लोकलने कुर्ल्याला उतरून गाडी बदलली की गाठता येते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात के.ई.एम. हे उत्कृष्टता केंद्र आहे, आणि त्या धोरणाच्या दुसऱ्या गटात प्रेडर-विलीसाठी वाढीच्या संप्रेरकाच्या उपचाराचा उल्लेख नावानिशी आहे. २०२२ पासून अशा केंद्रामार्फत एका रुग्णाला पन्नास लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली. त्यासाठी नोंदणी केंद्रातच करावी लागते. हे संप्रेरक रोज टोचावे लागते. त्याने उंची व स्नायू सुधारतात, भूक जात नाही. सुरू करण्यापूर्वी झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घेतात. भुकेवरचे पहिले औषध, डायझॉक्साइड कोलीन, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२५ मध्ये चार वर्षांवरील रुग्णांसाठी मंजूर केले. त्यानेही आजार मुळापासून जात नाही. इंडियन प्रेडर-विली सिंड्रोम असोसिएशन ही पालकांची संस्थाही आपल्या देशात आहे. एकट्या पडलेल्या आईबापांना दुसऱ्या आईबापांचा आवाज ऐकू येणे हे औषधाइतकेच मोलाचे, असे आम्हाला वाटते.

पनवेलच्या लोकांना एक गोष्ट फारशी ठाऊक नाही. बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे, म्हणजे सिकंदराबादच्या एन.आय.ई.पी.आय.डी.चे, प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. पनवेलहून लोकलने तिसरे स्टेशन. बुद्धिमापन व पालकांना मार्गदर्शन यांसाठी तेथे चौकशी करावी.

शेवटी आमच्या टेबलावरचा विषय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत या आजाराचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे केवळ निदानाच्या कागदावर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. बौद्धिक अक्षमता किती, त्यावर ते मिळते. ते मिळाले की निरामय आरोग्य विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो, आणि जुन्या पद्धतीने आयकर भरणाऱ्या पालकांना कलम ८० डीडीखाली पंचाहत्तर हजारांची, तीव्र अक्षमतेत सव्वा लाखाची वजावट आहे.

पालकांचा खरा प्रश्न मात्र वेगळाच असतो : आमच्यानंतर काय? परदेशात या आजाराच्या प्रौढांसाठी खास निवास आहेत, तेथे स्वयंपाकघर कुलुपात आणि जेवण घड्याळावर असते. आपल्याकडे ही जबाबदारी बहुधा भावंडांवर येते, म्हणून ते नाव वेळेवर ठरवावे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना बँकेत आल्यावरच कळते. मुलाच्या नावे पैसे आहेत पण त्याला सहीचा अर्थ समजत नाही, अशा वेळी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा. आपल्या जिल्ह्यासाठी चौकशी अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. या समितीचे पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकांनी खाते उघडण्यास व चालविण्यास ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने कळविलेले आहे. मात्र अशा खात्यावर मुलाच्या हाती ए.टी.एम. कार्ड देऊ नये. भुकेल्या मुलाच्या हातातले पैसे म्हणजे वडापावच्या गाडीची उघडी किल्लीच. प्रमाणपत्राची मूळ प्रत, एक छायाप्रत आणि दोघांची छायाचित्रे घेऊन शाखेत यावे, आणि काउंटरवरच्या माणसाला हा नियम ठाऊक नसेल तर शाखाधिकाऱ्यांना भेटावे.